नवस तिचा, पाय माझे

नवस माझ्या पत्नीने केला होता आणि तो फेडायला मी चाललो होतो, एवढे आधी सांगून टाकलेले बरे. कारण दिंडीत जो तो मला मोठा भाविक समजून बोलत होता आणि ते श्रेय माझे नव्हते. मुलगी मुंबईहून स्वतःच्या पायांनी घरात आली तर दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून शेगावपर्यंत पायी, असा तो नवस होता. मुलगी घरात आली ती कुबड्यांवर. त्याला स्वतःच्या पायांनी येणे म्हणायचे की नाही, यावर आमच्या घरी रीतसर वाद झाला. पत्नीचे म्हणणे असे की महाराज म्हणजे काही शाळा तपासायला आलेले विस्तार अधिकारी नव्हेत. ते कुबड्या मोजत बसणार नाहीत. शिवाय छातीचा पुढचा सीटी स्कॅन होण्याच्या आत नवस फिटलाच पाहिजे, असा तिचा हट्ट होता. आपल्याकडची बाकी आधीच चुकती केली की देवाला सबब उरत नाही, हा तिचा हिशेब. ती स्वतःच निघाली असती, पण मुलीचा गुडघा वाकवण्याचे व्यायाम रोज तीच करून घेते आणि ते मला जमत नाहीत. मुलगी ओरडली की माझा हात सुटतो. म्हणून माघ वद्य सप्तमीच्या प्रकटदिनासाठी गावातून दिंडी निघाली तेव्हा पिशवी माझ्या खांद्यावर आली.

मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळेच्या कबड्डी संघात चढाई तीच करायची. उजव्या गुडघ्याखाली दुखते असे ती म्हणू लागली तेव्हा खेळताना मार लागला असेल, असेच सर्वांना वाटले. या आजाराची रीतच तशी आहे: तो वाढीच्या वयात, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास लांब हाडाच्या टोकाशी उद्भवतो, म्हणजे खेळणाऱ्या मुलांना मार लागण्याची जी जागा नेमकी तीच त्याची जागा. लचक काढणाऱ्याकडे चोळून झाले, एका डॉक्टरांकडे दुखणे दबवणारी इंजेक्शने झाली, आणि एक्स-रे काढून पाहा असे कोणी म्हणेपर्यंत पोळा जाऊन दिवाळी आली. अमरावतीला तो एक्स-रे उजेडावर धरून पाहणारे डॉक्टर बोलता बोलता थांबले आणि त्यांनी मुलीला बाहेर बसायला सांगितले. पुढे एमआरआय, मुंबईला टाटामध्ये बायोप्सी, आणि ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, हे नाव, जे आता माझी ऐंशीला टेकलेली आईसुद्धा न अडखळता घेते. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया करून हाडाचा रोगट भाग काढणे आणि तिथे धातूचा सांधा बसवणे, मग पुन्हा केमोथेरपी, असा तो क्रम होता. त्यातले एक औषध लालभडक असते आणि ते चढवल्यावर लघवीही लाल होते. नर्सने आधी सांगून ठेवले होते, तरी पहिल्यांदा मुलीने हाक मारली तेव्हा आम्ही दोघेही धावलो.

मुंबईत आमचा मुक्काम दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत होता. बाबांचे शेंडगाव आमच्या शेजारच्या तालुक्यात. पंढरपूरला जाऊनही देवळात न जाता जो माणूस रस्ते झाडत राहिला, नवससायास करू नका, रोग्याला औषध द्या, असे ज्याने जन्मभर गावोगाव ओरडून सांगितले, त्याच्या नावाच्या छपराखाली बसून माझ्या पत्नीने गजानन महाराजांना नवस केला. मी ते तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, दोघेही आपल्याच मुलखातले आहेत, ते आपसात पाहून घेतील. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा आणि महाराज शेगावात प्रथम दिसले ती तारीख २३ फेब्रुवारी १८७८, हे तिला कोठून तरी ठाऊक होते आणि तिच्या दृष्टीने तेवढा पुरावा पुष्कळ होता.

कोणत्या मुक्कामी काय झाले, हे आता नीट लावता येत नाही. काकडा, चहा, चालणे, सावलीतला हरिपाठ, पिठले-भाकरी, पुन्हा चालणे, असे ते दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. म्हैसांगला पूर्णेचा पूल ओलांडला, आपातापा मागे पडले, अकोल्यात एका मंगल कार्यालयात झोपलो. पालखीच्या टेम्पोवरचा कर्णा मात्र स्पष्ट आठवतो, कारण तो माझ्या डाव्या कानाशी होता आणि गण गण गणात बोते हा मंत्र त्यातून लग्नाच्या बँडच्या चालीवर येत होता. मंत्राने मन शांत होते असे म्हणतात. मला तो कर्णा विहिरीत टाकावासा वाटत होता.

त्याहून अधिक त्रास झाला तो जानराव देशमुखांचा. मुलीला काय झाले आहे हे दिंडीत एकाला कळले की तो दुसऱ्याला सांगे, दुसरा माझ्या बरोबरीने चालू लागे, आणि पोथीतली गोष्ट सुरू होई: जानराव मरणाला टेकले होते, वैद्यांनी हात टेकले होते, महाराजांच्या चरणांचे तीर्थ तोंडात गेले आणि ते उठून बसले. पत्नीच्या पारायणांमुळे ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. म्हणून हेही ठाऊक आहे की त्याच अध्यायात मृत्यूचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातला एक कोणालाच टाळता येत नाही, असे पोथी स्वच्छ म्हणते. तेवढ्या ओव्या कोणीच सांगत नव्हते. मीही बोलून दाखवले नाही. आपल्यासाठी चांगले चिंतणाऱ्या माणसाला पोथीतले कलम दाखवणे बरे दिसत नाही.

एक जण मात्र बायोप्सीवर घसरला. सुई लावली की गाठ चिडते आणि अंगभर पसरते, तुम्ही तिथेच फसले गुरुजी, असे तो चारचौघांत म्हणाला. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. तुकडा तपासल्याशिवाय आजार कोणता हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही; ही तपासणी जाणत्या डॉक्टरांकडूनच आणि नेमक्या जागीच व्हावी लागते, हे खरे; पण तिच्या भीतीने घरी बसणारी माणसे जो वेळ घालवतात, त्यात आजार निवांतपणे फुप्फुसापर्यंत जातो, हे मी वर्गात सांगावे तसे आवाज चढवून सांगितले. मंडळी गप्प झाली, आणि दिंडीत मी थोडा अप्रियही झालो. त्या रात्री दिवा मालवल्यावर आमच्या गावचाच एक शेतकरी अंथरुणाशी येऊन बसला. "गुरुजी, माह्या भाच्याचा गुडघा दुखते. राती जास्ती दुखते म्हने. कायी असन काय?" बहुतेक गुडघे साध्याच कारणाने दुखतात, असे मी त्याला सांगितले, पण रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि त्या जागी सूज, असे दोन्ही असेल तर उद्या, परवा नव्हे, एक्स-रे काढायला सांग, असेही सांगितले. त्याने अंधारातच फोन लावला.

पायाला फोड आला तो म्हैसांगच्या पुढे. तो सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण खाली पाणी खारे. उजव्या टाचेखाली रुपयाएवढा फोड धरला होता आणि प्रत्येक पावलाला तो आतल्या आत सरकत होता. दिंडी पुढे गेली, मी मागे राहिलो, आणि मनातून मला ते बरेच वाटले. एका हरभऱ्याच्या शेतात बाया सोंगणीला होत्या. धुऱ्यावरच्या बाभळीखाली त्यांची जेवणाची गाठोडी ठेवलेली होती. मी तिथे टेकलो आणि बूट काढला. साठीच्या घरातली एक बाई तास सोडून आली आणि माझी टाच स्वतःच्या हातात घेऊन तिने ती वैद्याच्या थाटात उलटसुलट पाहिली.

मी शेजारच्या बोअरकडे बोट केले. "ते पानी नोका लावू भाऊ, खारं हाये, झोंबन," ती म्हणाली, आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली प्लास्टिकची कॅन तिने पुढे ओढली. ते त्या सगळ्यांचे पिण्याचे पाणी होते. ज्या गावात नळ कधी चार दिवसांनी येतो आणि कधी आठ, तिथून डोक्यावर आणलेले. ते पाणी तिने माझ्या पायावर ओतले, थेंबथेंब नव्हे, भांडे घासताना ओततात तसे. मी नको म्हणालो. "असू द्या. आमचं आता थोडंच रायलं," एवढेच ती बोलली. मग चंचीतून तिने सुई काढली.

इथे माझ्या आतला टाटाचा माणूस दचकला. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत मुलीच्या खोलीत शिरण्याआधी कोपरापर्यंत हात धुण्याची सवय आम्हाला लागली आहे. ताप शंभरच्या वर गेला की रात्री दोन वाजता टॅक्सी शोधत आम्ही पळालो आहोत. खिशातली सॅनिटायझरची बाटली मी तिच्यापुढे धरली. तिने झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडले, पण हाताला चोळले आणि सुईलाही लावले. सुई वाळू दिली, काडी पेटवून तिचे टोक लाल होईपर्यंत तापवले, निवल्यावर पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका अंगाने घालून दुसऱ्या अंगाने बाहेर काढली. दोरा आत तसाच ठेवून दोन्ही टोके विळ्याने तोडली. दोऱ्यावाटे पाणी झिरपून जाते आणि वरचे कातडे शाबूत राहते. जुने वारकरी हेच करतात, हे मी ऐकून होतो. माझ्या पायावर ते होताना प्रथमच पाहिले. हरभऱ्याच्या आंबीने तिची बोटे चिरलेली होती आणि सॅनिटायझर त्या चिरांत नक्कीच झोंबले असणार. तिने तसे दाखवले नाही.

मी का चाललो आहे, हे तिने विचारले नाही. घरी कोण आजारी आहे, नवस कशाचा, मुलगा की मुलगी, काही नाही. विचारली ती बुटाची किंमत. मी सांगितली. "एवढ्यात माह्या घरच्या सगळ्याईच्या चपला येतीन," ती म्हणाली आणि हसली. वर्ष होऊन गेले असेल, माझ्याशी कोणी मुलीच्या आजाराशिवाय दुसऱ्या विषयावर इतका वेळ बोलले नव्हते. आम्ही बुटांवर, मजुरीवर, यंदा घाटे कसे भरले यावर बोललो. उठताना तिने ओल्या हरभऱ्याचे दोन ढाळे हातात दिले. "निंघा आता. जास्ती बसले त पाय भरते." ती पुन्हा तासावर गेली. मला तिचे नावही विचारायचे सुचले नाही.

पारसच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसू लागली तेव्हा मी चांगला चालत होतो, आणि नेमके तेव्हाच डोके फिरले. धर्मशाळेत आमच्या शेजारी चंद्रपूरकडचा एक मुलगा होता. आजार तोच, मांडीच्या हाडात. त्याच्या आईचाही नवस होता. तो तिने आमच्यासारखाच आगाऊ फेडला होता. सीटीत फुप्फुसावर ठिपके आले, आणि पावसाळ्यात तिचा फोन आला तो माझ्या पत्नीने गोठ्यात जाऊन घेतला. मग बाकी कोणाची राहिली होती, हे मी महाराजांना विचारले. मोठ्याने विचारले, कर्णा चालू असल्यामुळे कोणाला ऐकू गेले नाही. त्यानंतर नागझरीपर्यंत मी टाळ हातात घेतला नाही, आणि नागझरीच्या पुढे कोणीतरी तो गळ्यात अडकवला तेव्हा काढलाही नाही. पाय पडत होते आणि हात आपोआप वाजवत होते. अर्धा तास तरी मी डोक्यात काहीच न येता चाललो, आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीचे अडकलेले देयक आठवल्यावर भानावर आलो.

शेगावात गर्दी असूनही सगळे शिस्तीत झाले. सेवाधारी माउली माउली म्हणत पुढे सरकवत होते. भुयारात समाधीपुढे जेमतेम डोके टेकवता आले. जे मागायचे ठरवले होते ते आठवले नाही. पारसला जे विचारले होते, त्याबद्दल क्षमाही मागितली नाही.

बाहेर येऊन घरी फोन केला. पत्नीने आधी पायाचे विचारले, मग महाप्रसादात काय होते ते. मुलीने फोन ओढून घेतला. तिच्या मते तिला चालते केले ते फिजिओथेरपीच्या ताईंनी, महाराजांनी नव्हे; तेव्हा आभार मानायचेच असतील तर ताईंसाठीही कचोरीचा एक पुडा घ्यावा. धातूच्या सांध्याने धावणे, उड्या मारणे बंद, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून गुण लिहिते आणि पंचांशी भांडते. मी दोन पुडे घेतले आणि परतीची एसटी पकडली.

सीटी पुढच्या आठवड्यात आहे. अंबा एक्सप्रेसची तिकिटे काढली आहेत. सवलतीच्या अर्जावर डॉक्टरांची सही आणि शिक्का घेऊन झाला. गाडी रात्री शेगावला थांबली की डब्यातली निम्मी माणसे खिडकीतून हात जोडतात. पत्नीने पुढच्या वर्षीच्या वारीचेही आताच बोलून ठेवले आहे, अहवाल काय येईल याची अट न घालता. या खेपेला पाय तिचे, असे मी बजावले आहे. ती पहाटे फाट्यापर्यंत चालून येते. मुलगी दारात कुबडी टेकवून वेळ लावते आणि कालच्यापेक्षा उशीर झाला तर तसे तोंडावर सांगते.