उचलून ओढा

दुपारी दोनचा सुमार. रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात कूलरची घरघर, आणि त्या घरघरीलाही पुरून उरणारा एकच आवाज: आरशाच्या जुन्या टेबलाचा मधला खण. खर्रर्र... टक्. अडला. मग आतल्या खोलीतून झोपाळू सूचना येते, "उचलून ओढ गं. आणि जरा डावीकडे दाब."

ज्या घरात सागवानी टेबल आहे त्या घरात ही सूचना आहे. नव्या सुनेला गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याची वेळ सांगतात, तसा हा खणही सांगतात. पाहुण्याला मात्र कोणी सांगत नाही. तो बिचारा सरळ ओढतो आणि मूठ हातात घेऊन उभा राहतो.

खण का अडतो, हे त्याला पूर्ण बाहेर काढून उलटा केल्याशिवाय कळत नाही. जुन्या टेबलात चॅनेल-बिनेल, म्हणजे खण सरकवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, काही नसतं. दोन्ही बाजूंना आतून एकेक लाकडी पट्टी ठोकलेली, तिच्यावर खणाच्या बाजूच्या फळ्या घसरतात, एवढाच कारभार. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने पट्टी पुढच्या टोकाला झिजते आणि खणाची फळी मागच्या टोकाला. मग खणाचं नाक खाली जातं आणि दर्शनी फळी खालच्या आडव्या पट्टीवर घासायला लागते. लाकूड झिजलं तरी त्यातला खिळा झिजत नाही, तो डोकं वर काढतो. फळीच्या खालच्या कडेवर करवतीने ओढल्यासारखी एक काळी रेघ दिसली, की ती या खिळ्याची समजावी.

आता नागपूरच्या हवेचं. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. खणाच्या बाजूच्या फळ्यांत रेषा पुढून मागे जातात, म्हणून फळीची उंची वाढते. खण फुगून अडला तर तो वरखाली अडतो, बाजूंना नाही. तरी लोक रंधा मारतात तो बाजूलाच! त्यातही ऑगस्टात. मग पुढच्या एप्रिलात खण पेटीत वाजणाऱ्या काडीसारखा खडखडतो. आणि आपल्याकडे लाकडाला वर्षातून दोन पावसाळे सोसावे लागतात. एक जूनच्या मध्यात येतो तो, आणि दुसरा होळी झाली की खिडकीत बसवतात तो, वाळ्याच्या वासाचा. बाहेर पंचेचाळीस अंशांत लाकडाला भेगा पडायच्या, आणि कूलरच्या झोतातलं टेबल मात्र भर मे महिन्यात फुगलेलं. टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवून आठवडाभर वाट पाहिली तर अर्धे खण आपोआप सुटतात, पण हा उपाय इतका फुकट आहे की कोणाला पटत नाही.

मग चॅनेल आणायला स्वारी निघते इतवारीत, लोखंडी सामानाच्या लोहा ओळीत. दुकानदार मान वर न करता विचारतो, "किती इंची?" इथे निम्मे लोक गप्प होतात. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे छऱ्यांवर एकात एक सरकणाऱ्या पट्ट्या, दहा, बारा, चौदा असं दोन-दोन इंचांनी वाढत मिळतं. मोजायची असते खणाची पुढून मागपर्यंतची खोली, रुंदी नव्हे. पण खरी मेख पुढेच आहे. छऱ्याच्या चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते, सुताराच्या भाषेत चार सूत. दोन्ही बाजूंची मिळून एक इंच. जुन्या टेबलाच्या खणाला बाजूला असते जेमतेम अर्ध्या सुताची फट. म्हणजे जोडी विकत घेतली तरी ती बसणार कुठे? खणच जवळजवळ एक इंचाने बारीक करावा लागतो. आणि जुन्या खणाची दर्शनी फळी बाजूंना खाचेत गुंतवलेली, ती कापली की सांधाच गेला. योग्य वाट एकच: १२ मिमी प्लायचा नवा खोका करायचा आणि जुनी दर्शनी फळी, तिच्या पितळी मुठीसकट, आतून स्क्रूने त्यावर चढवायची. खोक्याची रुंदी म्हणजे टेबलातल्या खणाच्या जागेचं आतलं माप वजा २६ मिमी. आतलं माप पुढे, मध्ये आणि मागे घ्यावं आणि सगळ्यांत लहान आकडा धरावा. काटकोनात उभं असलेलं जुनं टेबल दुर्मिळ असतं.

पुढे चुका ठरलेल्या आहेत. फट कमी पडली तर खण जड जातो, जास्त झाली तर चॅनेल लटकतं. जास्तीच्या फटीत सनमायकाचा तुकडा घालावा, तो साधारण एक मिमीचा असतो. १२ मिमीच्या फळीत १६ मिमीचा स्क्रू मारला की टोक आत निघतं आणि साडीची जर त्यात अडकते, तेव्हा १२चाच घ्यावा. स्क्रूचं डोकं चपटं हवं, नाही तर चॅनेलची मधली पट्टी त्याला ठेचकाळते. आधी चॅनेलच्या लांबट भोकांत स्क्रू लावून खण चालवून बघायचा, वरखाली करायचा, आणि मनासारखा बसला की मगच गोल भोकांतले स्क्रू. घाई करणारा हे उलटं करतो. शेवटची गंमत म्हणजे खण काढताना एका बाजूच्या चॅनेलवरची छोटी काळी पट्टी वर दाबायची आणि दुसरीकडची खाली. दोन्ही वर दाबून जोर लावणारे छरे वेचत बसतात.

माझं विचाराल तर चॅनेल लावूच नये. लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, सागाच्या कापलेल्या तुकड्यांना तोटा नाही. दिल्लीत २०२३ साली उघडलेल्या नव्या संसदेला साग नागपूरहून गेला, आपल्या खणाला दोन पट्ट्या मिळायला काय हरकत? जुनी पट्टी पटाशीने उचकटावी, त्याच मापाची नवी फेविकॉल आणि स्क्रूने बसवावी, स्क्रूचं डोकं पूर्ण आत बुडवावं. खणाच्या फळीची झिजलेली कड सरळ करून तिथे तीन-चार मिमीची लाकडी चीप चिकटवावी. मग मेणबत्ती घासावी. तेल नको, त्यावर धूळ बसून चिक्की होते. टाल्कम पावडर त्याच खणात असते, म्हणून लोक तीच भुरभुरवतात. ती चार दिवस टिकते.

एवढं केल्यावर खण बोटाने सरकतो. पण हात ऐकत नाही. तो पुढचे सहा महिने उचलूनच ओढतो, डावीकडे दाबून.

सगळ्यांत खालचा खण मात्र असाच राहतो. त्यात जुनी विजेची बिलं, सुटी बटणं, एक गंजकी कात्री आणि कशाच्या तरी किल्ल्या. तो दुरुस्त करायचा तर आधी रिकामा करावा लागेल.