टेस्ट पॉझिटिव्ह आली, तरी सिरम घेतलं

कुत्रं चावलं ते सकाळी साडेसहाला, दूध आणायला निघाले तेव्हा. भटकं होतं. चावून ओढ्याकडे पळालं ते पुन्हा दिसलंच नाही, म्हणजे दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायची सोयही गेली. डाव्या पोटरीत दोन दात खोल रुतले होते. सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. मी त्यांना हातानंच थांबवलं आणि मोरीत नळाखाली पाय धरला. कपड्याचा साबण, वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. शाळेत पोरांना दरवर्षी हेच सांगते, ते त्या दिवशी स्वतःच्या कामाला आलं.

तालुक्याच्या दवाखान्यात केस पेपर काढला, दोन्ही दंडांवर कातडीत लसीचे बारीक टोचे झाले. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सासूबाईंना पोटातली चौदा इंजेक्शनंच ठाऊक, त्यांचा यावर विश्वासच बसेना. (ती चौदावाली लस मेंढीच्या मेंदूपासून करत, हे मला नंतर कळलं.)

पण लसीचा परिणाम दिसायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला तयार अँटिबॉडी लागतात, त्या सिरममधून मिळतात. आणि सरकारी दवाखान्यात सिरम मिळतं ते घोड्याचं. घोड्याला रेबीजची लस देऊन त्याच्या रक्तातून ते काढतात.

मला लहानपणापासून दमा. कोळंबी खाल्ली की अंगभर पित्त उठतं. हे सांगितल्यावर सिस्टरनी टेस्ट लावली. डाव्या हाताला पातळ केलेलं थेंबभर सिरम, उजव्या हाताला नुसतं सलाईन. वीस मिनिटांनी उजवा हात साफ होता आणि डाव्यावर रुपयाएवढी लाल गांध. केस पेपरवर लाल पेनानं 'ॲलर्जी' लिहून मला जिल्ह्याला पाठवलं. सोबत आलेला दीर म्हणाला, "वहिनी, नकोच ते घोड्याचं." खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं घोड्याशिवाय बनणारं अँटिबॉडीचं इंजेक्शन 2017 पासून बाजारात आहे. ते दोन मेडिकलमध्ये विचारलं, नव्हतं. माणसाच्या रक्तापासून केलेलं होतं, पण माझ्या वजनाला त्याचे काही हजार होत होते.

जिल्ह्याच्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "कधी साप चावून सलाईनमधून लस घेतलीय?" नाही म्हटलं. तीही घोड्याचीच असते, म्हणून विचारलं होतं. मग माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "या गांधीवरून काही ठरत नाही. जिला गांध येते तिला रिॲक्शन येतेच असं नाही, आणि जिचा हात साफ तिला येणार नाही याची खात्री नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांतही ही टेस्ट करायची गरज नाही असंच आहे. बाटलीसोबतच्या कागदावर छापलेली असते, म्हणून लावतात." जिवावरची रिॲक्शन साधारण दीड लाखात एखाद्याला येते, म्हणाल्या. "आणि तिच्यावर औषध आहे. रेबीज झाल्यावर नाही."

मग मी काही बोललेच नाही.

पलंगाशेजारी ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज, ऑक्सिजन, हाताला सुई लावून ठेवलेली. माझं वजन 62 किलो, किलोला 40 युनिट, म्हणजे 2480. सुई थेट जखमेत आणि तिच्या कडेनं, जेवढं मावेल तेवढं. ते दुखणं शब्दांत सांगत नाही. बाळंतपणं दोन झालीत माझी, तरी पलंगाची दांडी सोडली नाही. नंतर तासभर झोपवून ठेवलं, दर थोड्या वेळानं बीपी. जीभ जड झाली, घसा आवळला, असं मला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा ती भीतीच होती.

दहाव्या दिवशी मात्र मनगटं आणि गुडघे धरले, मांड्यांवर चट्टे उठले, बारीक ताप आला. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं आठवड्या-दोन आठवड्यांनी होऊ शकतं, सिरमचंच असतं, घाबरून लस बंद करायची नाही. गोळ्या घेतल्या, चार दिवसांत उतरलं.

अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस तालुक्यालाच घेतला. त्याच सिस्टर होत्या. केस पेपरवरचा लाल शब्द बघून त्यांनी विचारलं, "मग सिरम दिलंच नाही ना?" मी पोटरी दाखवली.