चार ओळींत न मावणारा पंतप्रधान

२९ मे २०२०, शुक्रवार. टाळेबंदीमुळे आमचा डेस्क घरूनच चालत होता. विदेशच्या पानावर जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकेतलं मिनियापोलिस पेटलेलं, उरलेली जागा करोनाच्या आकड्यांनी खाल्लेली. पहिल्या पानावर अजित जोगी गेल्याची बातमी. त्या गर्दीत एजन्सीची छोटीशी कॉपी आली: मोरोक्कोचे माजी पंतप्रधान अब्दररहमान युसूफी यांचं कासाब्लांकात निधन, वय ९६.

“संक्षिप्तमध्ये टाक, चार ओळी,” सर फोनवर म्हणाले.

“सर, हे संपादक होते. छापलेल्या मजकुरासाठी तुरुंगात गेलेले.”

“बरं. दीडशे शब्द. पण लवकर.”

लिहायला बसले. टँजिअरचा जन्म, वकिली, स्वातंत्र्यलढा हे भराभर उरकलं. हात थांबला तो १९५९ वर. सरकार राजाला जसं जबाबदार आहे तसंच लोकमतालाही, असं त्यांच्या ‘अत-तहरीर’ दैनिकानं लिहिलं आणि त्या डिसेंबरात युसूफी आणि दैनिकाचे संचालक फकीह बसरी या दोघांना अटक झाली. आज आपण हे वाक्य सहज लिहून जातो. त्या देशात ते लिहिणाऱ्याला किंमत मोजावी लागली, आणि पुढे त्याच माणसावर ते अमलात आणायची वेळ आली. १९६५ मध्ये सहकारी मेहदी बेन बरका पॅरिसमधून पळवले गेले, ते परत दिसलेच नाहीत. युसूफींची त्यानंतरची पंधरा वर्षं फ्रान्समध्ये, परागंदा गेली.

१९९८ मध्ये राजे हसन दुसरे यांनी याच विरोधकाला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सरकार बनवायला बोलावलं. गृहखातं मात्र दरबाराच्या द्रिस बसरींकडेच (हे बसरी वेगळे) राहिलं. म्हणजे पंतप्रधान युसूफी, पण पोलीस राजवाड्याचे. तरी ते सरकारात गेले. मला त्यात लाचारी दिसत नाही. आत शिरल्याशिवाय दार उघडणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

सरांनी फोटो निवडला २०१६ चा. युसूफी रुग्णालयात, आणि राजे मोहम्मद सहावे वाकून त्यांच्या कपाळाचं चुंबन घेताहेत. फोटो सुंदरच होता. पण २००२ च्या निवडणुकीत युसूफींचा पक्ष पहिला आला असताना याच राजानं पक्षाबाहेरचे द्रिस जेत्तू यांना पंतप्रधान नेमलं होतं. ही लोकशाहीची रीत नव्हे, असं युसूफींच्या पक्षानं तेव्हा बजावलं. पुढच्या वर्षी ते राजकारणातून बाजूला झाले.

“हा परिच्छेद काढ, तांत्रिक आहे,” सर म्हणाले.

“मग फोटोही काढा, सर. नुसता फोटो गेला तर वाचकाला अर्धीच गोष्ट कळेल.”

ते पान लावत होते, घाई होती, तरी त्यांनी पुन्हा वाचलं. मी पॅरिसची वर्षं एका ओळीत आणली, बालपण पार उडवलं. त्या जागेत शेवटचं वाक्य बसलं: २०११ च्या राज्यघटनेनुसार मोरोक्कोच्या राजाला आता निवडणुकीत पहिल्या आलेल्या पक्षातूनच सरकारचा प्रमुख नेमावा लागतो.