शंभराव्या नंबरचा हेवीवेट

माझ्याकडे बॉक्सिंगचं एक रौप्यपदक आहे. ते मिळवताना माझा एकही ठोसा कुणाला लागलेला नाही.

कॉलेजच्या स्पर्धेत सगळ्यात वरच्या वजनगटात नावं आली तीन. ड्रॉमध्ये मला बाय मिळाली, म्हणजे न लढताच मी फायनलला. तिथे समोर जो होता त्याने मला मिनिटभर नीट बघून घेतलं, मग डाव्या हाताने तीनदा नाकावर टेकवलं आणि चौथ्यांदा उजवा आला. रेफ्रीने आठ मोजले, माझ्या डोळ्यांत डोकावून बघितलं आणि लढत थांबवली. संपलं. पदक अजून कपाटात आहे, बायको पाहुण्यांना दाखवते, मी विषय बदलतो.

हे आठवायचं कारण म्हणजे मित्रांमधला एक जुना वाद. अमेरिकेतले हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनाचे बॉक्सर, संपले कुठे? ज्या देशाने जो लुई, अली, फ्रेझर, फोरमन, होम्स, टायसन दिले, त्याच देशाला १९८८ मध्ये रे मर्सरने मिळवलेल्या सुवर्णानंतर वरच्या दोन वजनगटांत ऑलिम्पिक सुवर्ण नाही. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, लब्रॉन जेम्स बॉक्सिंगला आला असता तर!" लब्रॉन म्हणजे बास्केटबॉलचा तारा. सहा फूट नऊ इंच, अडीचशे पौंडांच्या आसपास, आणि मांजरासारखे पाय. वाद तिथेच संपल्यासारखा होतो. मला तो अर्धाच पटतो.

आधी पटणारा अर्धा भाग.

मी बॉक्सिंगला गेलो ते सरांच्या सांगण्यावरून. ९६ किलो वजन बघून म्हणाले, "एवढा देह काय बाकावर बसायला दिलाय का तुला?" हॉलमध्ये माझ्या वजनाचं दुसरं कुणी नव्हतं. साठ-पासष्ट किलोची पोरं होती, ती माझ्याभोवती माशांसारखी फिरायची. सरांची सक्त ताकीद, "तू मारायचं नाहीस, नुसतं अडवायचं." आठ महिने मी नुसतं अडवायला शिकलो, तेही अर्धवट. महिन्यातून एकदा दुसऱ्या हॉलमधून ११० किलोचा एक दादा यायचा. त्या दिवशी त्याला कुणी तशी ताकीद दिलेली नसायची.

नाकावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, बसला की दुखतं नंतर. आधी डोळ्यांत पाणी येतं. रडू नसतं ते, नुसतं पाणी, आपोआप येणारं. पण समोरच्याला ते दिसतं आणि तुम्हाला समोरचा दिसत नाही. हात वर घ्यायचे हे डोकं सांगत असतं, हात मात्र चेहरा पुसायला निघालेले असतात आणि मुठीवर ग्लोव्ह असतो. हेडगार्ड होतं ना, असं लोक विचारतात. होतं. हेडगार्डला नाकाच्या जागी भोक असतं.

हॉल होता त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला व्हॉलीबॉलचं नेट होतं. तिथे बारा जण होते, हसत होते, हरले तरी एकमेकांना शिव्या देत एकत्रच जात होते. त्यांनाही उंच माणूस हवाच होता. नवव्या महिन्यात मी नेटच्या त्या बाजूला होतो. सर दोन आठवडे बोलले नाहीत.

तेव्हा मी भ्यालो हे खरं. पण मी काही गुणी खेळाडू नव्हतो, त्यामुळे माझ्या भीतीवरून फार मोठा निष्कर्ष निघत नाही. ज्याच्यापुढे खरंच दोन-तीन दारं उघडी असतात, तो कोणतं निवडतो, हा प्रश्न आहे.

जो लुई १९३७ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा ही दारंच नव्हती. मेजर लीग बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आला १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सन. व्यावसायिक फुटबॉलने (इथे फुटबॉल म्हणजे तिकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा) १९३४ ते १९४५ एकाही कृष्णवर्णीयाला घेतलं नव्हतं. एनबीएचं, म्हणजे बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगचं, दार १९५० मध्ये उघडलं. म्हणजे सव्वासहा फुटी, चपळ, गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलाला अंगाच्या जोरावर पैसे मिळवायचे तर रिंग हा जवळजवळ एकच मार्ग होता. अमेरिकन हेवीवेटचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्याचा एक पाया हा अन्याय होता. आणि गोऱ्या गरिबांचंही फार वेगळं नव्हतं. रॉकी मार्सियानोला व्हायचं होतं बेसबॉलपटू. १९४७ मध्ये शिकागो कब्सच्या हाताखालच्या संघाकडे तो चाचणीला गेला, तिथे त्याला नाकारलं. पुढे ४९ लढती, ४९ विजय. त्याची थ्रो थोडी बरी असती तर आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

मग एकेक दार उघडत गेलं. त्याच सुमाराला एक दार बंदही झालं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये एके काळी बॉक्सिंग हा रीतसर खेळ होता, एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा व्हायची, विस्कॉन्सिनमध्ये तर हजारोंनी माणसं बघायला जमायची. एप्रिल १९६० मध्ये तिथेच, मॅडिसनला, चार्ली मोर नावाचा विद्यार्थी लढतीनंतर कोसळला आणि आठवडाभराने गेला. एनसीएएची ती शेवटची बॉक्सिंग स्पर्धा.

याचा परिणाम किती खोलवर झाला असेल बघा. तिकडे मोठ्या अंगाच्या मुलाला चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळेतला फुटबॉलचा कोच हेरतो. शाळेत मैदान असतं, गणवेश असतो, शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव सामन्याला येतं. पुढे चांगला निघाला तर कॉलेज फुकट. पहिल्या दर्जाच्या एकेका विद्यापीठाला फुटबॉलसाठी वर्षानुवर्षं ८५ शिष्यवृत्त्या देता येत होत्या. आईला जाऊन सांगता येतं, पोरगा डिग्री घेणार. बॉक्सिंगच्या कोचकडे त्या आईला सांगायला काय आहे? एक तळघर आणि एक टांगलेली बॅग.

पैशाबद्दल बोलताना लोक नेहमी शिखर बघतात, आणि तिथे त्यांची फसगत होते. वरच्या दोन-चार हेवीवेटना एका रात्रीत जे मिळतं ते बघून कुठलाही फुटबॉलपटू तोंडात बोट घालेल. बस्टर डग्लसने १९९० मध्ये टोकियोत टायसनला पाडलं. हा माणूस कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला, वडील मात्र बॉक्सर. नंतर होलिफील्डशी एकच लढत हरून त्याने दोन कोटी डॉलरहून जास्त कमावले. शिखरावर बॉक्सिंग अजिबात गरीब नाही.

पण शंभराव्या नंबरवर या. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ, प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे जवळजवळ सतराशे नोकऱ्या. २०२४ मध्ये त्यातल्या अगदी नवख्याचा किमान वार्षिक पगार होता ७ लाख ९५ हजार डॉलर. अख्ख्या मोसमात मैदानावर पाऊलही न ठेवणाऱ्यालाही तो मिळतो. संघात नाव नसलेला, नुसता सरावाला असलेला पोरगाही आठवड्याला बारा हजारांवर नेतो. वर डॉक्टर संघाचा, पेन्शन आहे, युनियन आहे. आणि शंभरावा हेवीवेट? तो दिवसा कुठेतरी काम करतो, रात्री बॅग मारतो, चार राउंडच्या लढतीत जे मिळतं त्यातलं दहा टक्के ट्रेनरचं, वर मॅनेजरचा हिस्सा, कधी कधी स्वतःच्या लढतीची तिकिटं स्वतःच ओळखीपाळखीत खपवायची. त्याची कायमची कमाई काय, तर मोठ्या नावांचा स्पारिंग पार्टनर होणं. म्हणजे भाड्याने मार खाणं.

शिवाय फुटबॉलमध्ये संघ रविवारी हरला तर पुढच्या रविवारी पुन्हा खेळतो. बॉक्सरच्या रेकॉर्डमधला, पराभवांच्या रकान्यातला शून्य एकदा गेला की गेला. एका वाईट रात्रीने पाच वर्षं मागे. एकवीस वर्षांच्या हुशार पोराला हे गणित करायला कागद-पेन्सिल लागत नाही.

मेंदूच्या इजेचं कारण सगळे पहिलं सांगतात, मी मुद्दाम मागे ठेवलं. कारण ते वाटतं तितकं सरळ नाही. ठोसे खाऊन भ्रमिष्ट होणाऱ्या बॉक्सरांवर हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवलंय, हे खरं. पण फुटबॉलवाल्यांच्या मेंदूंचं काय होतं हेही आता सगळ्यांना कळलंय, लीगला माजी खेळाडूंशी अब्जावधी रुपयांची तडजोड करावी लागली आहे. तरी आया पोरांना फुटबॉलला पाठवतातच. म्हणजे धोका नको असं नाही, धोक्याची किंमत वेळेवर आणि खात्रीने मिळायला हवी. आणि काही झालं तर शेजारी कुणीतरी हवं.

इथे मला मागोमेद अब्दुसलामोव आठवतो. रशियाचा हेवीवेट, तोवर अपराजित. २ नोव्हेंबर २०१३, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दहा राउंड मार खाऊन, चेहरा सुजलेला, तो हरला. डोकं दुखायला लागलं. हॉस्पिटलला तो गेला टॅक्सीने. रस्त्यावर उभं राहून टॅक्सीला हात करून. मेंदूत रक्ताची गाठ, मग कोमा, मग कायमचं अपंगत्व. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. मला त्या रकमेपेक्षा ती टॅक्सी विसरता येत नाही. आमच्या व्हॉलीबॉलच्या पोरांत कुणाचा घोटा मुरगळला तरी दोघं दोन खांद्यांना असायचे.

आता न पटणारा अर्धा. "लब्रॉन आला असता तर" म्हणणारे असं धरून चालतात की चांगलं अंग असलं की बॉक्सिंग आपोआप येतं. मी नऊ महिन्यांत पळालो, तेवढ्यातही एवढं कळलं होतं की तसं नसतं.

बॉब अरम हा प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, एक किस्सा सांगत असे. १९६६, लंडनचा हाइड पार्क. अमेरिकन फुटबॉलचा तेव्हाचा सम्राट जिम ब्राउन याला वाटलं, आपणही बॉक्सिंग करावं. अरमने हे अलीच्या कानावर घातलं. अली ब्राउनला म्हणाला, मार मला, जोरात मार. ब्राउन मारत सुटला. एकही लागेना. अर्ध्या मिनिटाने अलीने त्याला पटकन थापडा दिल्या. ब्राउन थांबला आणि म्हणाला, समजलं. किस्सा प्रमोटरच्या तोंडचा आहे, थोडं मीठ-मसाला धरून चाला. पण एड 'टू टॉल' जोन्सचं तर कागदावर आहे. सहा फूट नऊ इंच, १९७४ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे फुटबॉल संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीतला, पहिला खेळाडू, डॅलसच्या संघाचा तारा. १९७९ मध्ये ऐन भरात फुटबॉल सोडून तो रिंगमध्ये उतरला. पहिली लढत जेमतेम गुणांवर जिंकला. सहा लढती, सहा विजय, आणि १९८० मध्ये निमूटपणे डॅलसला परत. पुढे १९८९ पर्यंत तिथेच.

आणि मे २०२४ मध्ये सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीला हरवून जगज्जेतेपदाचे सगळे पट्टे एकत्र केले ते सहा फूट तीन इंची ऑलेक्झांडर उसिकने. तोही लहानपणी आपला नेहमीचा, पायाने खेळायचा फुटबॉलच खेळायचा, पंधराव्या वर्षी बॉक्सिंगला आला. युक्रेनमध्ये त्याच्या वयाच्या मोठ्या अंगाच्या पोराला ओढून नेणारा अमेरिकन फुटबॉल नव्हता, आणि बॉक्सिंग शिकवणारी माणसं होती. पंधरा ते पंचवीस ही दहा वर्षं त्याने पायांची हालचाल घोटवली. आजच्या अमेरिकन पोराची तीच दहा वर्षं दुसऱ्या मैदानावर गेलेली असतात. अमेरिकन हेवीवेट डिऑन्टे वाइल्डरलाही अलाबामा विद्यापीठाकडून फुटबॉल खेळायचं होतं. मुलगी पाठीच्या कण्याचा आजार घेऊन जन्मली, पैसे हवे होते, म्हणून विसाव्या वर्षी जिममध्ये आला. तीन वर्षांत ऑलिम्पिक ब्राँझ, पुढे जगज्जेता. पण उजव्या हाताशिवाय दुसरं काही त्याला कधी नीट आलं नाही, हे त्याचा चाहता असूनही मी म्हणतो.

केन नॉर्टन मला या सगळ्यांत जास्त आवडतो. तोही कॉलेजात फुटबॉल खेळलेला, मरीन्समध्ये, म्हणजे लष्करात, भरती झाल्यावर बॉक्सिंग शिकला. १९७३ मध्ये सॅन डिएगोत त्याने अलीचा जबडा मोडला. त्याचा मुलगा, धाकटा केन, तसाच पिळदार. तो फुटबॉलला गेला आणि लागोपाठ तीन मोसमांत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, दोनदा डॅलसकडून आणि एकदा सॅन फ्रान्सिस्कोकडून. या धाकट्याची एक खोड होती. टचडाऊन केला, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली, की तो गोलपोस्टच्या खांबाकडे धावायचा आणि खांबाला गुंडाळलेल्या गादीवर बापासारखे गार्ड धरून ठोसे मारायचा. डावा, उजवा, डावा. मग हेल्मेट सावरत आपल्या संघाच्या बाकाकडे.