रास्पबेरी पायला रिमोट कळत नाही तेव्हा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टीव्हीसारखा इन्फ्रारेड रिमोट चालला नाही की बरेच जण थेट ड्रायव्हरच्या मागे लागतात. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आधीपासूनच असतो आणि सहसा ठीक असतो. चूक असते ती रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या सेन्सरच्या पायांत (पिनांत), कॉन्फिग फाइलमधल्या जुन्या ओळीत, नाहीतर बंद असलेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे रिमोटच्या संदेशाच्या भाषेत. म्हणून तपासणी रिमोटपासून सुरू करायची आणि एकेक पायरी वर चढायची.

मोबाइलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या टोकाकडे धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर एलईडी जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्टर असतो, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही म्हणून रिमोट बाद ठरवू नका.

सेन्सरपाशी मात्र नीट थांबा. साताऱ्यात किंवा सांगली-मिरजेत पार्टच्या दुकानात नुसता ‘रिमोटचा सेन्सर’ मागितला तर टीएसओपी१७३८ मिळेल, व्हीएस१८३८बी मिळेल, नाहीतर जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून काढलेला बिननावाचा. दिसायला सगळे भाऊ-भाऊ. पण फुगीर बाजू आपल्याकडे धरून डावीकडून मोजलं, तर टीएसओपी१७३८चे पाय ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असे आहेत. टीएसओपी३८२३८ या दुसऱ्या सेन्सरचे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. एकाचं वायरिंग दुसऱ्याला केलं की सप्लाय उलटा पडतो आणि सेन्सर कामातून जाऊ शकतो. बोटाला गरम लागला तर आधी वायर काढा.

व्होल्टेजही वेगळं. टीएसओपी१७३८ ५ व्होल्टसाठी बनलेला आहे. तेवढे दिले तर आउटपुटही ५ व्होल्टपर्यंत जातं, आणि रास्पबेरी पायच्या जीपीआयओला (बाहेरच्या वायरी जोडायच्या पिनांना) ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही. ३.३वर चालवला तर तो मधूनच ऐकतो, मधूनच नाही, आणि आळ ड्रायव्हरवर येतो. टीएसओपी३८२३८ला २.५ ते ५.५ व्होल्ट चालतात, म्हणून नाव सांगून तोच मागा. सप्लायच्या वायरीत १०० ओहम आणि सेन्सरलगत सप्लाय ते ग्राउंड ४.७ मायक्रोफॅरड लावा. सप्लायची खरखर बरीच कमी होते.

जोडणी अशी: ३.३ व्होल्ट पिन १ला, ग्राउंड पिन ९ला, आउटपुट पिन ११ला. पिन ११ म्हणजे जीपीआयओ १७. ओव्हरलेचा (कोणत्या पिनवर काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या कॉन्फिगमधल्या सेटिंगचा) डिफॉल्ट जीपीआयओ १८ आहे, पण आवाजासाठी जोडायचा आयटूएस ऑडिओ बोर्ड तोच पिन वापरतो, म्हणून तो मोकळाच ठेवलेला बरा.

आता कॉन्फिग. जुन्या मार्गदर्शिकांत ‘एलआयआरसी-आरपीआय’ ओव्हरले लिहिलेला असतो. तो कर्नल ४.१९च्या सुमारास काढून टाकला गेला. त्याच्या जागी ‘जीपीआयओ-आयआर’ ओव्हरले लिहायचा आणि त्याच ओळीत स्वल्पविराम देऊन जीपीआयओ-पिन १७. मॉड्यूल्स फाइलमध्ये जुन्या ड्रायव्हरचं नाव असेल तर तेही पुसा. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी लिहिलेली ओळ वाचलीच जात नाही.

रीबूटनंतर डेव्ह फोल्डरमध्ये एलआयआरसी० दिसलं की ड्रायव्हर लागला. सिग्नल पोचतो का, हे प्रोक फोल्डरमधली इंटरप्ट्स फाइल सांगते, आणि ही पायरी कुणीच चुकवू नये. जीपीआयओ-आयआर नावाच्या ओळीतला आकडा टिपा, बटण एकदाच हलकं दाबा, पुन्हा पाहा. एनईसी या रिमोटच्या प्रचलित प्रोटोकॉलच्या एका संदेशात ३४ पल्स असतात, प्रत्येकाच्या दोन कडा, म्हणजे आकडा ६८ने वाढतो. बटण जरा जास्त दाबलं गेलं तर दर रिपीटला आणखी ४. आकडा हललाच नाही तर वायर किंवा पिन तपासा, सॉफ्टवेअरला हात लावू नका. रिमोट न दाबताही पळत असेल तर आउटपुटची वायर सुटलेली आहे, नाहीतर सेन्सरवर पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन किंवा सीएफएलचा उजेड पडतोय.

आकडा वाढतो, तरी बटण कळत नाही? ‘आयआर-सीटीएल’ या कमांडला डॅश आर देऊन कच्चे पल्स पाहा. सुरुवातीला ९००० आणि ४५००च्या आसपास मायक्रोसेकंद आले, तर रिमोट एनईसीचा आहे. खरी गोम पुढे आहे: जीपीआयओ-आयआर बरोबर जो डिफॉल्ट कीमॅप (कोणतं बटण म्हणजे कोणती की, याची यादी) लागतो तो आरसी-६ या दुसऱ्या प्रोटोकॉलचा, त्यामुळे एनईसीचा डिकोडर बंदच असतो. ‘आयआर-कीटेबल’ कमांडला डॅश पी एनईसी द्या, मग डॅश टी. बटणागणिक स्कॅनकोड, म्हणजे त्या बटणाचा आकडा, दिसू लागतील.

ते कोड टॉमल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून आरसी-कीमॅप्स फोल्डरमध्ये ठेवा आणि डॅश सी, डॅश डब्ल्यूने चढवा. रीबूटनंतरही टिकावं म्हणून आरसी-मॅप्स फाइलमध्ये ड्रायव्हर, टेबल आणि फाइल अशा तीन रकान्यांची ओळ लागते. मधल्या बटणाला ‘की-ओके’ देऊ नका: त्याचा क्रमांक ३५२, आणि पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स११ला २५५च्या पुढचे कोड पोचत नाहीत. ‘की-एंटर’ द्या.

एसीचा रिमोट इथे नेहमीच्या बटणांसारखा चालत नाही. तो दर वेळी तापमान, पंखा, मोड असा सगळा मजकूर एका लांब संदेशात पाठवतो, त्यामुळे कच्चे पल्स दिसतात पण स्कॅनकोड येत नाही. अशा रिमोटसाठी ड्रायव्हर बदलून काही हाती लागणार नाही. टीव्हीचा साधा एनईसी रिमोट घ्या.