इग्बो हायलाइफ: गिटारच्या आधी घंटा ऐका

आग्नेय नायजेरियात, इग्बो लोकांच्या एनुगू, ओनित्शा, ओवेरी या पट्ट्यात लग्न असो, कुणाला ओझो ही मानाची पदवी मिळालेली असो किंवा घरातल्या वडीलधाऱ्याचं उत्तरकार्य असो, मांडवात हायलाइफ वाजतंच. नवख्या कानाला ते गिटारचं गोड, ठेक्याचं संगीत वाटतं. चारेक मिनिटांत त्याला वाटतं, झालं ऐकून. गाणं मात्र तेव्हा कुठे रंगात यायला लागलेलं असतं. १९७० च्या दशकातल्या कित्येक एलपींवर, म्हणजे मोठ्या तबकड्यांवर, एका बाजूला एकच गाणं असे, पंधरा-वीस मिनिटांचं. आधी ठेका बसवायचा, मग म्हण टाकायची, मग ती म्हण घोळवत राहायची, असा हा कारभार.

हायलाइफ मूळचं घानाचं. तिथले ट्रम्पेटवादक ई. टी. मेन्सा यांचा ताफा १९५० च्या दशकात नायजेरियात फिरला आणि लागोसच्या हॉटेलांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनचं हायलाइफ रुजलं. त्यात इग्बो वादक मोठ्या संख्येनं होते. पूर्वेकडचा इग्बो मुलूख ‘बियाफ्रा’ या नावानं नायजेरियातून फुटून निघाला आणि १९६७ ते १९७० युद्ध झालं. त्या धामधुमीत हे वादक पूर्वेला आपल्या मुलखात परतले. युद्ध संपल्यावर बँकेत कितीही शिल्लक असो, खातेदाराच्या हाती फक्त वीस पौंड पडले. त्या राखेतून ओरिएंटल ब्रदर्ससारखे ताफे उभे राहिले आणि ट्रम्पेटची जागा गिटारनं घेतली.

ऐकायला बसाल तेव्हा पहिल्या खेपेला गिटार सोडून द्या आणि घंटा शोधा. ओगेने म्हणजे लोखंडी पत्र्याची, चपट्या शंकूसारखी घंटा. बहुतेकदा दोन जोडलेल्या असतात, एक मोठी खर्जातली, एक लहान चढ्या सुराची. आतमध्ये लोळी नसते. डाव्या हातात धरून काठीनं वाजवतात. गावात दवंडी पिटायलाही हीच. ऑका गावचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या लोखंडकामासाठी नावाजलेले. गायक-गिटारवादक ऑलिव्हर द कोक यांनी तर आपल्या शैलीचं नावच ‘ओगेने साउंड’ ठेवलं. काही रेकॉर्डवर ओगेनेच्या जागी लाकडी टिपऱ्या असतात, पण काम तेच: एकच बोल शेवटपर्यंत न ढळता फिरवत ठेवायचा.

त्या बोलाभोवती गिटार विणल्या जातात. एक गिटार चार-सहा सुरांचा छोटा तुकडा न थकता घोळवते, दुसरी तिच्या मोकळ्या जागा भरते, तिसरी गायकाशी बोलते. शिकणारे चुकतात ते इथेच. सगळ्या तारा एकदम छेडून कॉर्ड वाजवले की मोकळ्या जागा बुजतात, घंटा दबते आणि नाचणाऱ्याच्या कमरेला धरायला काही उरत नाही. कमी वाजवणं हेच यातलं कसब.

उदू नावाचं वाद्य तर डोळ्यांनी पाहावं असं. पाण्याचा मातीचा घडा, पोटाला बाजूनं आणखी एक भोक. त्या भोकावर तळवा आपटून चटकन उचलला की आतून घुमारा येतो. दुसरा हात तोंडावर कमी-जास्त झाकला की सूर वर-खाली होतो. केसाएवढी चीर गेली तरी घुमारा मेलाच. हे मुळात बायकांचं वाद्य, आणि घड्यातून येणारा तो आवाज पूर्वजांचा, असं मानणारे आहेत.

शब्दांकडे वळलं की सुरांचं दुसरं कारण कळतं. इग्बो ही सुरांवर चालणारी भाषा. ‘अक्वा’ हा एकच शब्द चढ-उतार बदलून रडणं, कापड, अंडं किंवा पलंग होतो. त्यामुळे चाल बोलण्याच्या चढ-उताराला धरून बांधावी लागते, नाहीतर कापडाचं अंडं होतं. ओजा ही छोटी लाकडी बासरी याच जोरावर माणसांची नावं घेते, आणि ज्याचं नाव घेतलं तो उठून नाचायला लागतो.

गाण्यांचा गाभा म्हणजे ‘ची’, प्रत्येकाचं स्वतःचं दैव, जन्मासोबत आलेलं. ‘ओन्ये क्वे, ची या एक्वे’, माणूस हो म्हणाला की त्याचं दैवही हो म्हणतं. हायलाइफ गायक सेलेस्टाइन उक्वू यांच्या ‘इलो आबू ची’चा आशय असा की वैर म्हणजे काही दैव नव्हे, कुणी द्वेष केला म्हणून आपलं नशीब त्याच्या हाती जात नाही. सारं गमावून बसलेल्या माणसांना या गाण्यानं केवढा आधार दिला असेल! दुसरे नामवंत गायक ओसादेबे यांचं १९८४ चं ‘ओसोंडी ओवेंडी’ म्हणजे एकाला गोड, दुसऱ्याला कडू. हे संगीत पूजाविधी नव्हे, पण पाहुण्यांच्या स्वागताला कोलाफळ (कोला झाडाचं कडवट बी) फोडताना वडीलधारे ज्या म्हणी म्हणतात, त्याच इथे गिटारवर येतात.

समारंभाला बोलावणं आलं तर दौलतजादेची तयारी हवी. गायक पाहुण्याचं नाव, गाव, पदवी गुंफून स्तुती करतो. पदवी चुकली तर तो अपमान धरतात, म्हणून यजमानाकरवी ती आधीच गायकाच्या कानावर घाला. नाचणाऱ्याच्या कपाळावर नोटा लावायची रीत सर्रास असली तरी नायजेरियाच्या २००७ च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यानं तो गुन्हा आहे. किमान सहा महिने कैद, किमान पन्नास हजार नायरा (तिथलं चलन) दंड किंवा दोन्ही. २०२४ मध्ये एका प्रसिद्ध व्यक्तीला यासाठी तुरुंगात जावं लागलं. त्यापेक्षा पैशांचं पाकीट तयार ठेवा, नाव पुकारलं की घंटेच्या ठेक्यात नाचत पुढे या आणि ते गायकाला दोन्ही हातांनी द्या.