उजव्या हाताची तर्जनी

गाडी पडली तेव्हा वेग चालण्याइतकाच होता. उजवीकडे वळायचं, थांबायचं, पाय टेकायचा, एवढंच काम. हँडल वळलेलं, खाली बारीक खडी, आणि मी पुढचा ब्रेक एकदम आवळला. चाक जागच्या जागी अडकलं, गाडी उजवीकडे कलली आणि काही कळायच्या आत मी आडवी. आरसा फुटला, ब्रेकचा लिव्हर वाकला आणि मनगट मुरगळलं. चार वर्षं गाडी चालवत होते, लांबचे प्रवास केले होते, घाट उतरले होते, आणि पडले ती थांबताना.

दादाने गाडी उचलली, मला कडेला बसवलं. चालवायला त्यानेच शिकवलं होतं. मनगट हलवून बघितलं आणि म्हणाला, "तू ब्रेक दाबत नाहीस गं, ओढतेस. आधीपासूनच. मी मागे असतो ना, तुझी गाडी दर वेळी नाक खुपसते ते दिसतं मला."

हे वाक्य मनगटापेक्षा जास्त दिवस दुखलं.

डॉक्टरांनी तीन आठवडे गाडी बंद सांगितली. त्या रिकाम्या शनिवार-रविवारी एक मैत्रीण मला तिच्या शूटिंग रेंजवर घेऊन गेली. ती १० मीटर एअर रायफल खेळते. मी नुसती मागे खुर्चीवर बसून बघत होते. जाड जाकीट घालून माणसं एका जागी खांबासारखी उभी, मध्येच एक बारीकसा 'टक्' आवाज, बाकी शांतता. मला वाटलं होतं तिथे खूप आवाज असेल, धांदल असेल. प्रत्यक्षात एखाद्या अभ्यासिकेत बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी मी स्वतःहून गेले आणि मनगट बरं झाल्यावर एअर पिस्तूलच्या वर्गात नाव घातलं.

पहिल्या दिवशी एकही छर्रा मारू दिला नाही. सरांनी दोन तास फक्त सुरक्षेचे नियम घोटून घेतले. पिस्तूल भरलेलं आहे असंच कायम समजायचं. नळीचं तोंड फक्त लक्ष्याच्या दिशेला. कोणी रेषेपुढे गेलं असेल तर हत्याराला हातच लावायचा नाही. आणि नेम धरेपर्यंत तर्जनी ट्रिगरच्या बाहेर, सरळ, आडवी. हा शेवटचा नियम मी घरी येऊन पाण्याच्या बाटलीवर, टीव्हीच्या रिमोटवर, हाताला लागेल त्यावर गिरवला. बोट आपोआप बाहेर राहायला हवं, आठवून नव्हे. नव्याने येणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: पहिले दोन तास कंटाळवाणे वाटले तरी ते नीट करा, बाकीचं नंतर येतं.

एअर पिस्तूलचं गणित ऐकायला सोपं आहे. अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, एक हात पूर्ण पुढे ताणलेला, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. ट्रिगरवर निदान ५०० ग्रॅमचा भार पेलला गेला पाहिजे असा नियम आहे. अर्धा किलो म्हणजे बोटाला काहीच नाही. माझा सगळा झगडा त्या अर्ध्या किलोशीच झाला.

माझे पहिले मोजलेले दहा छर्रे: १०० पैकी ६१. आकड्याचं वाईट वाटलं नाही, भोकांची जागा बघून वाटलं. कागदावर सगळी भोकं डावीकडे खाली, एका घोळक्यात. हात थरथरतो म्हणून असं होतंय अशी माझी खात्री होती. मी हाताचे व्यायाम सुरू केले, पाण्याची बाटली ताणून धरून उभी राहू लागले. तीन आठवड्यांनी हात खरंच कमी हलायला लागला आणि भोकं मात्र तिथेच, डावीकडे खाली.

मग सरांनी एक दिवस माझ्या टार्गेटचा कागद उलटा लावला. समोर नुसता कोरा पांढरा. "आता नेम कशावर धरू?" मी विचारलं. "धरू नकोस. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची पट्टी, मागच्या खाचेत बसव, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. तेवढंच बघ आणि बोट दाब." मी दहा छर्रे मारले. कागद जवळ आणून बघितला तर दहाच्या दहा तळहाताखाली झाकले जातील एवढ्याशा जागेत. काळा गोल समोर नव्हता म्हणून घाई नव्हती. गोल दिसला की मी 'आत्ता बरोबर आहे, आत्ताच' म्हणून बोट ओढत होते, आणि त्या झटक्याने नळीचं टोक खाली डावीकडे जात होतं. उजव्या हाताने मारणाऱ्या नवख्यांचं हे अगदी नेहमीचं दुखणं असतं.

त्याच दिवशी सरांनी वहीत एक आकृती काढून दिली, ती अजून माझ्याकडे आहे. माझ्या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेच्या मानाने फक्त १ मिलिमीटर हलली तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाऐवजी सात. पण साइट एकमेकींत नीट बसलेल्या असतील आणि अख्खा हातच १ मिलिमीटर हलला, तर छर्राही १ मिलिमीटरच हलतो आणि दहाचा दहाच राहतो. "हात हलणारच, तो जिवंत आहे," सर म्हणाले. "हलू दे. तो हलत असतानाच बोट चालू राहू दे. थांबायची वाट बघितलीस की ओढशील."

'ओढशील' हा शब्द ऐकला आणि मला खडीवर बसलेला दादा आठवला. तोच हात, तेच बोट. मी पुढचा ब्रेक तर्जनी आणि मधल्या बोटाने धरते, आणि बरोबर क्षण गाठायच्या घाईने तो ओढते. रेंजवर तेच बोट तेच करत होतं, फक्त इथे त्याची नोंद कागदावर राहत होती. रस्त्यावर चार वर्षांत एकदाच राहिली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी गाडीवर नुसतीच बसले, इंजिन बंद. ब्रेकचा लिव्हर एक ते दहा मोजत दाबला आणि दहा ते एक मोजत सोडला. पहिला थोडा भाग मोकळा जातो, मग पॅड डिस्कला टेकतात तिथे बोटाला एक मऊ अडसर जाणवतो, आणि त्यानंतर लिव्हर जेमतेम हलतो, दाब तेवढा वाढत जातो. ट्रिगरचं अगदी असंच आहे. पहिला टप्पा मोकळा, मग एक टेक लागतो, पुढे फक्त दाब. इतकी वर्षं मी त्या टेकाजवळ कधी थांबलेच नव्हते. सरळ शेवट गाठत होते.

ब्रेक मारल्यावर काय होतं हे पुस्तकी भाषेत मला माहीत होतं. वजन पुढच्या चाकावर येतं, टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो, पकड वाढते, म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. पण वजन पुढे यायला क्षणभर वेळ लागतो. तो क्षण न देता लिव्हर आवळला तर पकड वाढायच्या आत चाक अडकतं. नव्या गाड्यांत एबीएस ते अडकणं सोडवतं, माझ्या गाडीत एबीएस नाही. आणि हँडल वळलेलं असताना, खाली खडी असताना, तो क्षण दिला तरी पुढचा ब्रेक नकोच. मागच्या ब्रेकवर आणि क्लचवर थांबायचं. माझ्या दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या होत्या.

पुढचे दोन महिने माझं वेळापत्रक असं झालं: रोज रात्री वीस मिनिटं घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून नुसता ट्रिगर. रविवारी सकाळी दादाबरोबर एका मोकळ्या मैदानावर ब्रेकिंग. ३० च्या वेगाने यायचं, खुणेपाशी दाबायला सुरुवात करायची, दाब वाढवत नेऊन थांबायचं. मग ४०, मग ५०. थांबताना नजर खाली चाकाकडे गेली की दादा लांबून ओरडायचा, "वर बघ!"

नजरेचा हा भाग मला सगळ्यात अवघड गेला, कारण दोन्ही छंद त्या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गाडीवर नजर लांब हवी. वळणात शिरताना वळण संपतं तिथे बघायचं. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते. पिस्तुलात नजर जवळ हवी. पुढची साइट सुईसारखी स्पष्ट, टार्गेट धूसर. धूसर वस्तूवर नेम धरायचा हे मनाला पटतच नाही, डोळा चोरून पलीकडे पळतो आणि तेवढ्यात साइट सुटते. गाडी चालवून थेट रेंजवर गेले की माझे पहिले पंधरा-वीस छर्रे हमखास वाया जायचे. डोळे लांबवर लागलेले आणि हाताला हँडलची झिणझिण. आता मी पोचल्यावर अर्धा तास काहीच करत नाही. पाणी पिते, बसते, अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धरून त्यावर नजर आणते, मग पिस्तूल हातात घेते. उलट दिशेने तसंच: दीड तास साइटकडे बघून झाल्यावर लगेच हेल्मेट चढवत नाही. आधी बाहेर उभी राहून लांबचं बघते.

मधे एक वाईट काळ आला. ७८ पर्यंत पोचलेली दहाची मालिका पुन्हा ७० च्या खाली गेली आणि महिनाभर तिथेच राहिली. सोडून द्यावं असं वाटत होतं. तेव्हा सरांनी कारोय ताकाच या हंगेरियन नेमबाजाची गोष्ट सांगितली. १९३८ मध्ये सैन्यात सराव चालू असताना हातबॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात, नेमाचा हात, निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला. १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीत, २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ऑलिंपिक सुवर्ण. मी मुरगळलेल्या मनगटाची तक्रार त्यानंतर केली नाही. पण मला त्या गोष्टीतलं यश तितकं लागलं नाही, जितकी मधली वर्षं लागली. त्या माणसाला एक बोट नव्याने शिकवायला किती रात्री लागल्या असतील.

सरांनी त्याच काळात आणखी एक सवय लावली. छर्रा सुटल्यावर हात लगेच खाली आणायचा नाही. ट्रिगर दाबलेलाच ठेवून, साइटकडे बघत, दोन श्वास तसंच उभं राहायचं. छर्रा नळीतून बाहेर पडायलाही काही मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात हाताने माघार घेतली तर सगळं फुकट. आणि छर्रा कुठे लागला ते दाखवणाऱ्या पडद्याकडे बघायच्या आत स्वतःशी सांगायचं, कुठे गेला. पहिले काही दिवस माझं एकही उत्तर बरोबर नव्हतं. मग हळूहळू बोटाने काय केलं ते बोटालाच कळायला लागलं.

आठ महिन्यांनी क्लबच्या छोट्या स्पर्धेत उतरले. ६० छर्रे, ७५ मिनिटं. पहिली दहा मिनिटं छातीतल्या ठोक्यांबरोबर पुढची साइट उडताना दिसत होती. तीन वेळा हात वर केला आणि न मारताच खाली आणला. हे मला आधी जमत नसे, वर उचललेला हात रिकामा खाली आणणं हरल्यासारखं वाटायचं. चौतिसाव्या छर्ऱ्याला मी ओढलं. ओढलं तेव्हाच कळलं. पडद्याकडे न बघता म्हटलं, सात, डावीकडे खाली. बघितलं तर सात, डावीकडे खाली. त्या सातने मला त्या दिवशीच्या कुठल्याही दहापेक्षा जास्त आनंद दिला. शेवटी बेरीज ५१२ झाली. जिंकणाऱ्यांपासून खूप लांब, आणि मला हवी होती त्याहून चांगली. छर्रे शिशाचे असतात म्हणून हात साबणाने धुतले, सामान आवरलं, घरी गेले.

ब्रेकची परीक्षा त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी झाली, कुणी न ठरवता. दादा मागे, मी पुढे, वेग साठच्या आसपास. साठला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. वळण संपत आलं होतं, गाडी सरळ होत होती, आणि समोर अख्ख्या रस्त्यावर आडवी पडलेली झाडाची फांदी. ॲक्सिलरेटर मिटला, बोटाला तो मऊ अडसर लागला, आणि मग दाब वाढत गेला, वाढतच गेला. पुढचा शॉकर खाली बसताना जाणवला, टायरचा हलका कुरकुर आवाज आला. नजर फांदीवर नव्हती. फांदीच्या डावीकडे जी हातभर मोकळी जागा होती, तिच्यावर होती. ती वापरावी लागली नाही. गाडी फांदीच्या बरीच अलीकडे थांबली, सरळ, डावा पाय जमिनीवर. तर्जनी अजून लिव्हरवर होती, दाब धरून. दोन श्वास तसाच धरला, मग सोडला.

दादा मागे येऊन थांबला. हेल्मेटची काच वर केली, आधी फांदीकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे. काही बोलला नाही. गाड्या कडेला लावल्या आणि दोघांनी मिळून ती फांदी ओढून बाजूला केली.